चांदणीची आयाळ

तुर्भ्याच्या दाणा बाजारात आमचा गाळा आहे. हरभरा, जव, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा असा माल आम्ही विकतो. वडिलांच्या काळी हाच व्यापार मस्जिद बंदरच्या दाणाबंदरात चालत असे. पुढे बाजार नवी मुंबईत हलला आणि आम्हीही वाशीला राहावयास आलो. आमचा बहुतेक माल किराणा दुकानदारांकडे जातो. परंतु काही मोजके ग्राहक जनावरांच्या चंदीसाठी धान्य नेतात. घोडेवाले चाचा हे त्यांपैकी एक.

चाचा पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया हाकीत असत. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. त्यानंतर त्यांनी गाडी मोडीत काढली आणि नवी मुंबईतील एका गावठाणाच्या कडेला पत्र्याची शेड घेऊन लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळली. पांढरीशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांची. तिचे नाव चांदणी. पावसाळाभर वराती नसतात, म्हणून आषाढापासून चंदी उधारीवर जाई आणि तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली की चाचा हप्त्याहप्त्याने हिशेब चुकता करीत. त्यांनी एक पैसा कधी बुडविला नाही. तरीही ते आमचे देणेकरी होते आणि ही गोष्ट त्यांच्याइतकीच माझ्याही मनात पक्की होती. पुढे जे घडले त्याचे मूळ मला येथेच दिसते.

2018 च्या डिसेंबरात माझ्या पुतण्याचे लग्न होते. घोडी अर्थातच चांदणी ठरली. वरात सायंकाळी पाच वाजता निघावयाची होती. चाचा तीन वाजताच घोडी घेऊन सभागृहाच्या आवारात हजर झाले. झूल, कलगी, मोत्यांच्या माळा, सारा साज त्यांनी आणला होता. परंतु घोडीची आयाळ पावसाळ्यानंतर दाट वाढली होती. कुठे वीतभर, कुठे हातभर. तिच्या वेण्या घालून गोंडे विणले तेव्हा त्या जाडजूड आणि ओबडधोबड दिसू लागल्या. छायाचित्रकार म्हणाला, "केसांमुळे मोत्यांची माळ झाकली जाते. फोटो चांगला येणार नाही."

मी चाचांना बोलावून म्हटले, "ही आयाळ थोडी पातळ आणि एकसारखी करा."

चाचा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "शेठ, आज नको. हे चार-पाच दिवसांचे काम आहे. आठवडाभर आधी सांगितले असते तर मी करून आणले असते."

"मुहूर्त टळत नाही, चाचा. तासाभरात जेवढे होईल तेवढे करा."

यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांना नाही म्हणता आले नाही आणि का आले नाही, हे मला ठाऊक होते. आमच्या वहीत त्यांच्या नावावर चार महिन्यांची बाकी होती.

घोड्याची आयाळ विरळ आणि आखूड करण्याची जुनी, सर्वत्र रूढ असलेली रीत म्हणजे ती उपटणे. कंगव्याने आखूड केस मुळाकडे मागे सारावयाचे, हाती उरलेले लांब केस कंगव्याभोवती वा बोटांभोवती गुंडाळावयाचे आणि एका झटक्यात मुळासकट ओढावयाचे. कात्रीने आडवे कापले तर आयाळ भुवईसारखी सरळ रेषेत तुटलेली दिसते. उपटल्याने टोके नैसर्गिक राहतात आणि दाटीही कमी होते. म्हणून शर्यतीच्या आणि प्रदर्शनाच्या घोड्यांपासून वरातीच्या घोड्यांपर्यंत ही रीत चालत आली. जाणकार माणूस एका वेळी चार-सहा केसच घेतो, घोड्याचे अंग फिरवून आणल्यावर तापलेले असताना घेतो आणि एका दिवशी थोडेच काम करतो. त्या दिवशी माझ्या हुकुमाने हे सारे नियम गुंडाळून ठेवले गेले. चाचांनी बटाच्या बटा ओढल्या. चांदणी मान वर फेकू लागली, मागे सरू लागली. दोघांनी तिची मोहरकी घट्ट धरली. कोणीतरी म्हणाले, "फार नखरे करते." मीही हसलो. मानेच्या कडेवर दोन-तीन ठिकाणी रक्ताचे बारीक थेंब दिसले. चाचांनी ते ओल्या फडक्याने टिपले आणि वर मोत्यांची माळ टाकली.

वरात थाटात निघाली. फोटो सुरेख आले. आजही ते आमच्या दिवाणखान्यात आहेत.

फेब्रुवारीत चाचा गाळ्यावर आले. हिशेब चुकता करण्याचे ते दिवस. परंतु त्यांनी मुदत मागितली. कारण विचारले तेव्हा फार आढेवेढे घेऊन म्हणाले, "चांदणी कानांजवळ हात लावू देत नाही, शेठ. लगाम चढविताना मान इतकी वर करते की हात पोहोचत नाही. दोन वराती परत गेल्या. तिसरीत लहान मुले जवळ होती, मीच नको म्हटले." त्यांनी मला दोष दिला नाही. लग्नाच्या त्या दिवसाचा उल्लेखही केला नाही. परंतु मी जमाखर्चात वाढलेला माणूस आहे; कोणत्या नोंदीतून कोणती बाकी निघाली हे मला कळले.

पुढच्या रविवारी मी प्रथमच त्यांच्या शेडवर गेलो. चांदणीने मला पाहून कान मागे दुमडले. मी हात पुढे केला तशी ती भिंतीला टेकली. एका तासाच्या कामाने एका जनावराचा माणसाच्या हातावरचा विश्वास उडाला होता.

"घोड्याला केस उपटल्याचे काही वाटत नाही," असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बारामतीला आजोळी टांगेवालेही असेच म्हणत. खरे पाहता केसाच्या दांड्यात संवेदना नसते, म्हणून केस कापल्याने काही दुखत नाही. परंतु केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोके असतात, आपल्यालाही आणि घोड्यालाही. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवून ती उडविणाऱ्या प्राण्याला केस मुळातून ओढल्याचे कळत नाही, हे म्हणणे आपल्या सोयीचे आहे, एवढेच. काही घोडी शांत उभी राहतात हे खरे. परंतु शांत उभे राहणे आणि न दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गोष्ट मला नंतर वाचनात आढळली. 1993 साली फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मान जेथे पाठीला मिळते, त्या उंचवट्याजवळ घोडी एकमेकांना दातांनी हळूहळू खाजवीत असतात. माणसाने त्याच जागी हाताने तसेच खाजविले, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे आयाळ जेथे संपते ती जागा घोड्यांच्या मैत्रीची आहे. आम्ही त्याच्याच शेजारी झटके दिले होते.

मी चाचांना विचारले, "आयाळ मुळी कापूच नये का?"

चाचा म्हणाले, "तसे नाही, शेठ. आयाळ तिचे छत्र आहे, ऊन आणि माश्या अडविते. पण आपल्याकडच्या दमट हवेत फार दाट झाली तर खाली घाम साचतो, पावसाळ्यात कातडी ओली राहून खाज सुटते, खपल्या धरतात, उवा-गोचिडी दडून बसतात. विरळ करणे चांगलेच. पण उपटल्याशिवायही ते होते. हे काम मला येते. फक्त वेळ लागतो." शेवटचे वाक्य त्यांनी खाली पाहून उच्चारले. जे मी त्यांना त्या दिवशी दिले नव्हते ते हेच होते.

त्यानंतरचे दोन महिने मी दर रविवारी सकाळी शेडवर जात राहिलो. पहिले तीन रविवार आयाळीला कोणी हात लावला नाही. चाचा खरारा करीत आणि मी दुसऱ्या बाजूने मऊ ब्रशने तिची पाठ पुशीत असे. मग तो मानेखालचा उंचवटा बोटांनी खाजविणे, तेथून दर वेळी दोन बोटे पुढे सरकणे. तिने मान वर केली की हात मागे घेणे आणि तिने मान खाली सोडली की गुळाचा खडा देणे. चौथ्या रविवारी तिने डोके खाली करून खालचा ओठ सैल सोडला. चाचा म्हणाले, "आता ती ऐकते आहे."

मग त्यांनी जे काम केले ते मी जवळून पाहिले. घरी घोडी पाळणारे आपल्यापैकी फारसे कोणी नसतील. तरीही ते येथे सविस्तर नोंदवितो, कारण घोडी ठरविताना काय मागावे आणि काय मागू नये, हे आपल्याला त्यातून कळेल.

आदल्या दिवशी आयाळ धुऊन वाळविली जाते. गुंता असेल तर बोटांना किंचित खोबरेल तेल लावून तो आधीच सोडवावयाचा; प्रत्यक्ष कापताना केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत, नाहीतर पाते घसरते. विंचरण्याचा आरंभ टोकांपासून करून हळूहळू वर जावयाचे आणि वरचा भाग मुठीत धरावयाचा, म्हणजे ओढ मुळाला न बसता मुठीला बसते. आपल्या घरी आई मुलीचे केस असेच विंचरते.

दाटी कमी करण्यासाठी चाचा दातेरी कात्री वापरतात; केशकर्तनालयात केस विरळ करावयास असते तीच. आयाळीचा वरचा थर उचलून चिमट्याने बाजूला धरावयाचा आणि कात्री खालच्या थरात चालवावयाची. मुळाशी लागून कापावयाचे नाही. तसे केले तर खुंट उभे राहतात आणि वरचे केस ढकलतात. मुळापासून दोन-तीन बोटे खाली एक-दोनदाच कात्री मिटावयाची, कंगव्याने तुटलेले केस काढावयाचे, दोन पावले मागे जाऊन पाहावयाचे आणि मग पुढची बट घ्यावयाची. कापलेला केस परत लावता येत नाही, म्हणून हात नेहमी कमीकडे ठेवावयाचा.

लांबी कमी करण्याची युक्ती तर उपटण्याच्या रीतीतूनच घेतलेली आहे. आखूड केस कंगव्याने वर सारून लांब केस बोटांत धरावयाचे, येथपर्यंत सारे तेच. परंतु झटका देण्याऐवजी पाते बसविलेल्या कंगव्याने ते केस हलकेच घासून तोडावयाचे. केस तुटतो, मुळाला ओढ बसत नाही आणि टोके कमीजास्त राहिल्याने कात्रीची सरळ रेष दिसत नाही. असा कंगवा नसेल तर साधी कात्री आडवी न धरता उभी धरावयाची आणि टोकांत खालून वर बारीक बारीक चिमटे घ्यावयाचे. पाते धारदार हवे. बोथट पाते कापीत नाही, ओढते. कात्रीची टोके गोल असावीत, म्हणजे घोडीने अचानक मान हलविली तरी इजा होत नाही.

काम मानेच्या मध्यापासून सुरू होते. कानांमागचा भाग सर्वांत नाजूक, म्हणून तो शेवटी आणि तोही लगामाचा पट्टा बसण्यापुरताच. कपाळावरची बट डोळ्यांना माश्यांपासून वाचविते. तिला हात लावावयाचा नाही. कानांच्या आतले केस आणि ओठांभोवतीचे राठ केस तर मुळीच कापावयाचे नाहीत. त्या राठ केसांनी घोडा नाकासमोरची, डोळ्यांना न दिसणारी वस्तू चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 1 जुलै 2021 पासून असे संवेदी केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मज्जाव केला आहे.

एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक काम चाचा करीत नाहीत. घोडीने कान मागे पाडले, शेपूट झटकली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला की ते थांबतात. चार दिवसांत आयाळ विरळ, वीतभर आणि एका बाजूला झुकलेली झाली. शेवटी ओल्या कंगव्याने ती बसवून तासभर सैल वेण्या घातल्या आणि मग सोडल्या. रक्ताचा थेंब नाही, मोहरकी धरावयास दुसरा माणूस नाही.

एके रविवारी माझी नात बरोबर होती. सारे ऐकून तिने विचारले, "आजोबा, मुनिमहाराज तर स्वतःचे केस हाताने उपटतात. त्यांना चालते, मग चांदणीला का नाही चालणार?"

लहान मुलांचे प्रश्न फार सरळ असतात. मी तिला म्हटले, "महाराज स्वतःहून ते दुःख घेतात, म्हणून त्याला तप म्हणतात. चांदणीला कोणी विचारले होते का? तेच दुःख दुसऱ्यावर लादले की त्याचे नाव बदलते." तिचे समाधान झाले, माझे झाले नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार मी शाळकरी वयात पाठ केले होते: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. पाचही प्रामुख्याने पदरच्या जनावरांशी आणि माणसांशी होणाऱ्या व्यवहाराबद्दलचे आहेत. आमच्या पूर्वजांच्या दारात बैल, घोडी आणि गडी होते. त्यांना ही यादी रोजच्या उपयोगाची होती. आमच्या दारात आज मोटारी आहेत, म्हणून ती आम्हाला जुनी वाटते. परंतु मंदिरात तिसरे तीर्थंकर संभवनाथ भगवानांच्या मूर्तीखाली अश्वाचे लांछन आहे. त्याला वंदन करून बाहेर आलेला मी, एका घोडीची आयाळ उपटावयास सांगून हसलो होतो.

काहीजण म्हणतील, घोडीच नको; वरात पायी काढावी. हा विचार मला पटतो आणि आमच्याच नात्यातील दोन घरांनी तो अमलातही आणला. परंतु मी चाचांपुढे तो मांडला तेव्हा ते म्हणाले, "काम बंद झाले तर हिला चंदी कोण घालील, शेठ? व्हिक्टोरिया बंद झाल्या तेव्हा घोड्यांचे काय झाले, ते मी पाहिले आहे." यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. 1834 साली मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली, तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांनी निराधार जनावरांचे ओझे आपले मानले होते. ज्यांना घोडी नको असेल त्यांनी घोड्याच्या निवृत्तीसाठीही हात सैल सोडावा. आणि ज्यांना हवी असेल त्यांनी तिला सन्मानाने आणावे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरास विनाकारण वेदना देणे गुन्हा ठरविले आहे. परंतु लग्नाच्या आवारात, बँडच्या आवाजात, यजमानाच्या घाईपुढे कायदा कोणाला आठवत नाही.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. व्याह्यांना घोडी हवी होती. मी महिनाभर आधी चाचांकडे गेलो आणि वरातीचे ठरविले. आयाळीच्या कामासाठी सहा दिवस आधीपासून रोज सकाळी अर्धा तास, असे वेगळे पैसे ठरवून दिले. ते जुन्या बाकीत वळते करून घेतले नाहीत. बाकीचा हिशेब बाकीच्या जागी, कामाचे दाम कामाच्या जागी. चाचा प्रथम नको म्हणाले. मी म्हटले, "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत. म्हणून आज मी हो म्हणतो आहे." त्यांनी पैसे घेतले आणि त्याविषयी पुन्हा काही बोलले नाहीत.

वरातीच्या दिवशी चांदणी आली. वय झाल्यामुळे ती थोडी सावकाश चालते. वेण्या बारीक आणि नीट बसल्या होत्या. मी जवळ गेलो, मानेखालचा तो उंचवटा खाजविला. तिने मान वळवून माझ्या खांद्याला नाक लावले. संवत्सरीला आम्ही सर्व जीवांची क्षमा मागतो; इतकी वर्षे ते शब्द मी सभेत उच्चारीत आलो. ज्या जीवाचे प्रत्यक्ष काही देणे होते, त्याच्यापुढे ते मी त्या दिवशी प्रथमच, हळू आवाजात उच्चारले. ती काय समजली ते सांगता येत नाही.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. लग्नासाठी वा वरघोड्यासाठी घोडी ठरवाल तेव्हा ती कशी दिसावी हे निदान आठ दिवस आधी सांगा आणि त्या आठ दिवसांचे दाम द्या. सांगावयाचे राहून गेले असेल, तर आयाळ जशी असेल तशी राहू द्या. आणि घोडेवाला "आज नको, शेठ" असे म्हणाला, तर त्याची उधारी विसरून त्याचे ऐका.